खाज थांबेना, चाल सुधारेना

प्रश्न : डॉक्टरताई, आमची चेरी सात वर्षांची लॅब्रॅडॉर. नसबंदी झालेली, वजन ३८ किलो. दोन वर्षं झाली, पंजे चाटत बसते, कान सारखे भरतात, पोटावर लाल चट्टे येतात. इथल्या डॉक्टरांनी अन्नाची अ‍ॅलर्जी असेल म्हणून चिकन बंद करायला सांगितलं. तेव्हापासून दही-भात, पनीर, तूप लावून चपाती असं देतो. खाज मात्र तशीच. त्यात गेल्या थंडीपासून उठताना मागचे पाय जड पडतात. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्यांची झीज दिसली. त्यासाठी सांध्यांची चघळायची गोळी रोज चालू आहे, जास्त दुखलं की दुखण्याची गोळी देतो आणि खाज फारच वाढली की प्रेडनिसोलोन. ओळखीच्या एकांनी रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घ्या म्हणून सुचवलंय. तिला नेमकं काय खायला घालावं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी एक गोष्ट करा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड आहे) आणि दुखण्याची गोळी (तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण बहुधा मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन असणार) ही दोन्ही एकाच काळात चेरीच्या पोटात जाता कामा नयेत. आपापल्या जागी दोन्ही उपयोगी औषधं आहेत. एकत्र आली की मात्र जठराच्या अस्तराचं संरक्षण जातं, व्रण होतात, कधी भोकसुद्धा पडतं. सध्या दोन्ही चालू असतील तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून तसं स्पष्ट सांगा. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही दिवस मोकळे सोडावे लागतात, ते किती हे डोस बघून ते ठरवतील. प्रेडनिसोलोन बरेच दिवस सलग दिलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका, ते उतरवत आणावं लागतं. काळीकुट्ट चिकट शी, उलट्या, जेवणावरून मन उडणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता जेवणाकडे येते. खाज आणि सांधे हे तुम्ही दोन वेगळे आजार म्हणून लिहिलेत आणि बहुतेक घरांत तसेच ते सांभाळले जातात. चेरीच्या बाबतीत ते एकमेकांत पुरते गुंतलेत असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं. त्या चघळायच्या गोळीची डबी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सांध्यांच्या गोळ्यांत जे कोलॅजन असतं, त्यातलं ‘टाइप टू’ बहुतेक वेळा कोंबडीच्या छातीच्या हाडावरच्या कूर्चेपासून काढतात. या गोळ्यांतलंच दुसरं द्रव्य, कॉन्ड्रॉइटिन, गुरांच्या, डुकरांच्या किंवा कोंबडीच्या कूर्चेतून येतं. ग्लुकोसामाइन सहसा खेकडा-कोळंबीच्या कवचातून. आणि कुत्र्याने गोळी आवडीने खावी म्हणून वर चिकनची किंवा लिव्हरची चव लावलेली असते. म्हणजे ताटातून काढलेलं चिकन गोळीच्या वाटेने रोज चेरीच्या पोटात जात असण्याची बरीच शक्यता आहे. त्याने खाज वाढते, खाजेसाठी प्रेडनिसोलोन येतं, प्रेडनिसोलोनने भूक आणि वजन वाढतं, मांडीचे स्नायू मात्र विरघळत जातात, आणि तो सगळा भार त्याच झिजलेल्या खुब्यांवर येतो. मग सांध्यांची आणखी एक गोळी.

दुसरी गोष्ट पनीर आणि दह्याची. कुत्र्यांना कोणत्या अन्नाची अ‍ॅलर्जी होते यावरचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या २९७ कुत्र्यांमध्ये सर्वांत वर बीफ होतं, ३४ टक्के. त्याखाली दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के. हे आकडे परदेशी कुत्र्यांचे. ज्या भागात जे रोज ताटात पडतं त्याचीच अ‍ॅलर्जी होते, कारण शरीर ओळखीच्या प्रथिनावरच बिथरतं. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या ताटात बीफ क्वचितच, पण दूध, चिकन आणि चपाती मात्र पिल्लू घरात आल्या दिवसापासून. तुम्ही चिकन काढलंत आणि त्या जागी यादीतले दुसरे दोन पदार्थ वाढवलेत. तुम्ही हे मनापासून आणि नेमाने केलंत हे पत्रातून कळतं. डॉक्टरांनी काय काढायचं ते सांगितलं, त्या जागी काय घालायचं ते कुणी सांगितलं नाही, इतकंच.

रक्ताच्या टेस्टवर पैसे घालवू नका. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या, कोणत्याही चाचणीने कुत्र्याची अन्नाची अ‍ॅलर्जी भरवशाने कळत नाही. पूर्ण निरोगी कुत्र्यांचे रिपोर्टही दहा पदार्थांना ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि मग घाबरलेला मालक सगळंच बंद करून बसतो. खात्रीची वाट एकच. आठ आठवडे असं अन्न द्यायचं की ज्यातलं प्रथिन तिने जन्मात खाल्लेलं नाही, आणि त्याखेरीज तोंडात कणसुद्धा जाऊ द्यायचा नाही. ज्यांना खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असते अशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत आठ आठवड्यांत फरक दिसतो. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडून देणारे लोक मी फार पाहिलेत, म्हणून हे आधीच सांगते.

त्याआधी दोन कामं उरकून घ्या. कानातला मळ आणि पंज्यातला ओलसर चिकटा डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. आंबूस वास येत असेल तर तिथे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असतं, आणि त्याची खाज अन्न बदलून जाणार नाही. पिसवा-गोचिडांचा बंदोबस्तही आधीच हवा, आणि तो मानेवर सोडायच्या थेंबांनी करा, कारण चघळायच्या गोळ्यांना पुन्हा मांसाची चव असतेच.

कोणतं प्रथिन निवडायचं? तुमच्या भागात सगळे पहिल्यांदा मटण म्हणतील. पण रविवारचं मटण शिजलं आणि चेरीच्या वाट्याला हाडूक आलं नाही असं घर इचलकरंजीत मला तरी शोधून सापडणार नाही. शिवाय बकरा आणि गाय दोन्ही रवंथ करणारे प्राणी, त्यांची प्रथिनं एकमेकांच्या जवळची. दुधाची अ‍ॅलर्जी असली तर मटणही काही वेळा चालत नाही. तसंच चिकनऐवजी बदक किंवा लावी हा सुरक्षित बदल नव्हे. चेरीने मासा कधी खाल्लेला नसेल तर मी तिच्यासाठी मासा आणि रताळं निवडेन. पंचगंगा-कृष्णेच्या बाजूला मरळ मिळते, तिच्यात काटे कमी. रोहू घेतलीत तर काटे काढायला बसावं लागेल, आणि ते काम घाईत करू नका. मासा वाफवायचा, अगदी अळणी. कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच आहे, त्यामुळे आपल्या कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी चालणार नाही.

प्रमाण सांगते, पण ते तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. चेरीचं योग्य वजन ३० किलोच्या आसपास असावं असा माझा अंदाज आहे. तेवढ्या कुत्र्याला वजन उतरवताना दिवसाला साधारण ९०० कॅलरी पुरतात. काटे काढलेला साडेचारशे ग्रॅम मासा, तेवढंच रताळं (दोन्ही कच्चं मोजून) आणि एक चमचा सूर्यफुलाचं तेल, हे त्या हिशेबात बसतं. दोन वेळांत विभागून द्या. यात कॅल्शियम फार कमी पडतं, म्हणून बिनचवीचं साधं कॅल्शियम कार्बोनेट डॉक्टरांच्या मापाने द्यावं लागेल. आणि हे जेवण फक्त चाचणीपुरतं आहे. वर्षानुवर्षं मासा-रताळ्यावर कुत्रं ठेवलं तर तांबं, जस्त आणि काही जीवनसत्त्वं कमी पडतात. आठ आठवड्यांनंतर कायमचा आहार नीट आखून घ्यायचा.

हे जमण्यासारखं नसेल तर हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं तयार खाद्य दवाखान्यातून मिळतं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाहीत. महाग पडतं, पण आठ आठवडे निभतात. दुकानातल्या ‘ग्रेन फ्री’ किंवा ‘लँब अँड राइस’ लिहिलेल्या पिशवीवर मात्र ही चाचणी करू नका. त्याच यंत्रावर आदल्या दिवशी चिकनचं खाद्य निघालेलं असू शकतं, आणि पुढे लँब लिहून मागे बारीक अक्षरांत चिकन फॅट असंही सर्रास दिसतं.

चाचणी मोडते ती स्वयंपाकघरात क्वचितच. ती मोडते ओसरीवर, आजोबांच्या खुर्चीपाशी. माझ्याकडे एक बीगल यायचा. घरच्यांनी सगळं काटेकोर पाळलेलं, वजनकाट्यावर मोजून जेवण, वहीत नोंद, तरी कान लालच. मी आजोबांना सोबत आणायला सांगितलं. ते आले, शेजारी बसले, आणि बीगलने सरळ त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात नाक घातलं. खिशात खारीचा चुरा होता. रोज पाचच्या चहाला बोटाएवढा तुकडा, चहात बुडवून. ‘एवढ्याशाने काय होतंय’ असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यांच्या त्या मायेला नाव ठेवायची माझी काय टाप! पण एवढ्याशानेच होतं. त्यांना मी खिशात ठेवायला उकडलेल्या रताळ्याच्या फोडी दिल्या. बीगलची तक्रार नव्हती. तुमच्याकडेही घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींना, शेजारच्या मुलांना बसवून सांगा. प्रसादाचा पेढा, पंचामृत, जंताची चविष्ट गोळी, कुत्र्यांची टूथपेस्ट, चघळायला दिलेलं चामड्याचं हाड, गोळी लपवायला घेतलेला पनीरचा तुकडा, हे सगळं यात मोजायचं. सांध्यांची ती चघळायची गोळी तर पहिल्या दिवसापासून बंद.

आठ आठवड्यांनी खाज उतरली तर तिथे थांबू नका. जुनं जेवण मुद्दाम पुन्हा द्यायचं. अ‍ॅलर्जी असेल तर दोन आठवड्यांच्या आत खाज परत येते, आणि मगच निदान पक्कं झालं म्हणायचं. नंतर एकेक पदार्थ सुटा करून बघायचा, आधी चिकन, मग दही, मग गहू, प्रत्येकाला दोन आठवडे. सुधारलेल्या कुत्र्याला पुन्हा खाजवायला लावायचं मालकांच्या जिवावर येतं, ते मी समजू शकते. पण हे केलं नाही तर चेरीला उगाच आयुष्यभर दह्याला मुकावं लागेल, कदाचित दोष एकट्या चिकनचा असताना. आणि आठ आठवडे काटेकोर पाळूनही खाज हललीच नाही, तर ती अन्नाची नाही, हवेतल्या धुळीकणांची किंवा परागांची आहे असं धरून पुढचे उपचार करायचे. दोन्ही एकत्रही असू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत खाज असह्य झाली तर ओक्लासिटिनिबसारखं खाज थांबवणारं औषध डॉक्टर देऊ शकतील. मात्र चाचणी संपायच्या बरंच आधी ते थांबवलं पाहिजे, नाहीतर गुण कुणाचा ते कळणार नाही.

सांध्यांसाठी चेरीला मिळू शकणारं सर्वांत मोठं औषध तिच्या वजनात आहे. अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. जोड्या लावून त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य मध्यमानाने ११.२ ऐवजी १३ वर्षं झालं आणि सांध्यांच्या झिजेचा त्रासही त्यांना उशिरा झाला. माझ्या टेबलावर लंगडणारा लॅब आला की मी आधी त्याच्या बरगड्या चाचपते. हात सपाट ठेवून, न दाबता बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. चेरीच्या लागणार नाहीत. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे चारशे ते साडेसातशे ग्रॅम, एवढ्याच वेगाने उतरवा. लठ्ठ, लंगड्या कुत्र्यांत सहा टक्के वजन उतरल्यावरच चाल सुधारायला लागते असं मोजलं गेलं आहे. चेरीसाठी ते सव्वादोन किलोच्या आसपास येतं. तुमच्या डोळ्यांना फरक दिसायला फार थांबावं लागणार नाही.

माशाच्या तेलाचा सांध्यांना खरा उपयोग आहे, खाजेलाही थोडा. पण डोस पुरेसा हवा. ३० किलोच्या कुत्र्याला ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली उपयोगाची ओमेगा-३) मिळून दोन ते तीन ग्रॅम लागतात, आणि मेडिकलमधल्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ती दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात. एका कॅप्सूलने काही होत नाही ते यामुळे. तीव्र मात्रेचं पातळ तेल घ्या, म्हणजे कॅप्सूलच्या, जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचाही प्रश्न नाही. ते हळूहळू वाढवा, जुलाब झाले तर कमी करा. कॉड लिव्हर ऑइल नको; एवढ्या मात्रेत त्यातली ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वं जास्त होतात. आणि तेल एकतर चाचणीच्या पहिल्या दिवसापासून द्या, नाहीतर चाचणी संपल्यावर. मध्येच सुरू केलं तर सगळा हिशेब बिघडतो.

घरात चकचकीत फरशी असेल तर चेरीच्या नेहमीच्या वाटेवर, झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, काथ्याची किंवा रबराची पट्टी टाका. पंज्यातले केस आणि नखं कापत राहा. फिरवणं बंद करू नका, वाटून द्या: दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, सपाट रस्त्यावर, पट्टा लावून. चेंडूमागे पळवणं आणि जिने मात्र बंद. दुखण्याची गोळी लागली तर ती कुत्र्याचीच आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून. आपल्या घरातलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अर्धी गोळीसुद्धा नाही. आठ आठवड्यांनी वजनाच्या आकड्यासकट मला पुन्हा लिहा, मी वाट बघेन.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. आमच्या स्पिट्झला चिकनची अ‍ॅलर्जी निघाली आणि गुडघ्याची वाटीही सरकते. डाळ-भात-पनीरवर ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने चिकन नाही हे बरंच झालं, पण नुसत्या डाळ-भात-पनीरवर गुडघा सांभाळणारा मांडीचा स्नायू टिकणार नाही. प्रथिन कमी पडतं, भात जास्त होतो, वजन चढतं. काही हायड्रोलाइज्ड खाद्यांतलं प्रथिन सोयाबीनचं असतं. तुमच्या घरात ते चालण्यासारखं आहे, लेबलवर कोंबडीची चरबी किंवा लिव्हर नाही ना एवढं बघून घ्या. घरीच शिजवायचं असेल तर सोया आणि पनीर धरून पूर्ण आहार पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. स्पिट्झचं वजन एका किलोने वाढलं तरी त्या छोट्या गुडघ्याला ते फार आहे.

प्रश्न : सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला हळद, मिरी आणि तूप रोज देते. जवसाची चटणीही घालते. बरोबर ना? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : हळदीतलं करक्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि कुत्र्यांच्या सांध्यांवर तिचा भरवशाचा परिणाम अजून दिसलेला नाही. चिमूटभर दिलीत तर बिघडत नाही, पण तूप वाढवू नका. जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात उपयोगाच्या रूपात फारसं बदलत नाही, माशाच्या तेलाची जागा ते घेऊ शकत नाही. आणि चटणीत लसूण असेल, तर ती आजच थांबवा.

प्रश्न : तीन महिन्यांचं जर्मन शेफर्ड पिल्लू आहे. कान उभे राहावेत, हाडं मजबूत व्हावीत म्हणून सासरे रोज कॅल्शियमचं सिरप आणि अर्धा लिटर दूध देतात. शी पातळ होते. दुधाची अ‍ॅलर्जी असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा अ‍ॅलर्जी नाही, दुधातली साखर पचत नसावी. अ‍ॅलर्जीत सहसा खाज सुटते आणि कानांचा त्रास होतो. दूध बंद करा, शी बांधली जाईल. सिरप त्याहून आधी बंद करा. मोठ्या जातीच्या एवढ्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही, ते शोषलं जातच राहतं आणि हाडं वाकडी वाढतात. जे सांधे वाचवायला सासरे धडपडताहेत त्यांनाच त्याने धोका आहे, हे त्यांना माझ्या वतीने आदराने सांगा. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य मोजून द्या, त्यात कॅल्शियम बेताचं असतं. पिल्लू गुबगुबीत नको, सडपातळ वाढू दे. दात येऊन संपेपर्यंत कान खालीवर होतच राहतात.

प्रश्न : आमचं पाच वर्षांचं गावठी कुत्रं, अ‍ॅलर्जीचं पथ्य चालू आहे. परवापासून अचानक एक पाय धरतं, आज दुसरा. जेवतही नाही. सांध्यांची गोळी सुरू करू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. आज एक पाय, उद्या दुसरा, शिवाय जेवण सोडलेलं, हे झिजेचं लक्षण नाही. तुमच्या भागात पावसाळ्याच्या आगेमागे मी आधी गोचीड तापाचा विचार करेन. ताप मोजून घ्या, हिरड्या फिकट दिसतात का बघा, आणि प्लेटलेटसह रक्ताची तपासणी लगेच करा. अंगावर आत्ता गोचीड दिसत नाही म्हणून डॉक्टरांना ‘गोचीड नाहीत’ असं सांगू नका; गेल्या महिन्यात काढल्या असतील तर तसं सांगा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. तीन-चार दिवसांत कुत्रं ताजंतवानं दिसायला लागेल, तरी गोळ्या मध्येच सोडू नका. रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. पथ्यात चालणाऱ्या घासातच गोळी लपवा, पेढ्यात नको.